काळी, निळी आणि लेबलबाईंचा खोकला

४ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. याआधीच्या दोन रोजनिश्या अनुक्रमे नऊ आणि चार दिवस चालल्या, पण त्यात माझा दोष नाही. लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आज घडणार. मालकांनी अकरा वाजता केबिनमध्ये बोलावलंय. एकट्याला.

संध्याकाळी ७

घडलं.

मालकांनी टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या. एक काळी, एक निळी. दोन्ही पुरुषांचे उंची परफ्यूम. इतके उंची की किंमत विचारल्यावर मालकांनी उत्तर न देता नुसतं केबिनचं दार लावून घेतलं. कंपनी पुरुषांसाठी नवा साबण काढणार आहे आणि त्याचा वास या दोघांपैकी एकाच्या वळणावर जाणार आहे. कोणाच्या, ते मी ठरवायचं. २५ तारखेला मीटिंग. मी बोट ठेवीन त्या वासाची वर्षभराची पिंपं त्याच दिवशी मागवायची. मालक म्हणाले, "काका, हे चुकलं तर आपलं वर्ष बुडालं. पण तुमचं नाक आहे म्हणून मला झोप लागते."

सत्तावीस वर्षं मी वासाच्या टेबलावर आहे. साबण असो, भांड्याचं लिक्विड असो की फरशी पुसायचं, माझ्या नाकाखालून गेल्याशिवाय पॅकिंगला जात नाही. प्रत्येक बॅचमध्ये कागदाची एक पट्टी बुडवायची, हुंगायची, मनात तीन आकडे मोजायचे, सही करायची. एवढंच, पण ते कुणालाही जमत नाही. कारखान्यात मला नाकसाहेब म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण ऐकू येतं. हे काम पार पडलं तर 'सुगंध प्रमुख' अशी पाटी आणि एसीची खोली मिळेल, असं मालक बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

एक किरकोळ बाब. डिसेंबरात झालेली सर्दी अजून पुरती गेलेली नाही. म्हणजे सर्दी गेली, नाक परत आलेलं नाही. थोडं आळसावलंय. सत्तावीस वर्षं राबल्यावर त्यालाही रजा हवीच.

संकल्प: कांदा-लसूण बंद. चहा बंद, वाफेने नाक सैलावतं. रोज एक तास दोन्ही परफ्यूमचा तौलनिक अभ्यास. आणि हिच्याशी नाकाचा विषय काढायचा नाही.

५ फेब्रुवारी

काळी डाव्या मनगटावर, निळी उजव्या.

काळी: सौम्य.

निळी: तीही सौम्य, पण वेगळ्या प्रकारे.

पुन्हा मारला. पुन्हा सौम्य. अकरा फवाऱ्यांनंतर एक गोष्ट लक्षात आली, ती लिहून ठेवतो: खरा उंची वास अंगावर धावून येत नाही. आपला दीड दमडीचा साबण येतो. उंची वास दाराबाहेर थांबतो आणि आपण बोलावल्याशिवाय आत येत नाही.

ही खोलीत आली, नाकाला रुमाल लावून तशीच मागे फिरली. बाहेरून विचारलं, कुणाच्या लग्नाला निघालात का. कामाचं स्वरूप गोपनीय असल्याने उत्तर दिलं नाही.

बसमध्ये माझ्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहिली. लोक उभे होते, तरी कुणी बसलं नाही. पदाची जरब असते ती अशी.

सहा वाजता चहा घेतला. एकच. डोकं धरलं होतं.

७ फेब्रुवारी

आज चार बॅचेस. तिसरी नापास केली. नंतर कळलं, चरबी खवट होती. मालक स्वतः येऊन पाठ थोपटून गेले.

हे कसं होतं ते माझं मलाही सांगता येत नाही. पट्टी हुंगली, तीन आकडे मोजले आणि आतून आवाज आला, नको. तेवढ्यात लेबलबाईंना खोकला आला, त्यामुळे आवाज नीट ऐकू आला नाही, पण आला होता.

लेबलबाई म्हणजे माझ्या टेबलावरच्या मदतनीस. अकरा वर्षं पट्ट्या बुडवून माझ्या हातात देतात आणि लेबलं लिहितात. अक्षर कोंबडीचे पाय, पण बाई चांगल्या. खोकला मात्र वाईट. डिसेंबरपासूनच आहे. माझी सर्दी त्यांना लागली असावी. गंमत म्हणजे दिवसदिवस येत नाही आणि नेमका खराब बॅचच्या वेळी येतो. बहुधा खराब मालाने घशात खवखवत असेल. घसा नाजूक आहे त्यांचा.

८ फेब्रुवारी, दुपारी १२

सुट्टी घेतली, अभ्यासासाठी. ही शेजारी गेली होती. जाताना म्हणाली, दुधाकडे लक्ष ठेवा. मी स्वयंपाकघरातच बसलो, म्हणजे दोन्ही कामं होतील. काळी आणि निळी यांच्यातल्या सूक्ष्म फरकावर दीड पान लिहून झालं आणि मान वर केली तर ही दारात उभी. खोलीत धूर. पातेल्याचा तळ कोळसा.

माणूस एकाग्र झाला की असं होतं. थोरामोठ्यांच्या बाबतीत हेच लोक कौतुकाने सांगतात.

ती रागावली नाही. पातेलं नळाखाली धरून बराच वेळ उभी राहिली. मग मला म्हणाली, "अहो, तुम्हाला खरंच कळलं नाही?" मी म्हटलं, कळलं होतं, उठणारच होतो.

१० फेब्रुवारी, रविवार

ही आठ दिवस बहिणीकडे जाणार होती. बॅग भरून तयार होती. आज ती बॅग रिकामी करून माळ्यावर टाकली. म्हणाली, आत्ता नको, घरी कुणीतरी हवं. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली तरी माझ्यावाचून पाय निघत नाही.

वरणात कांदा होता. खाल्ला. न खाऊन तरी काही फरक पडत नव्हता.

११ फेब्रुवारी

अभ्यासाची दिशा बदलली. इंटरनेटवर या दोन्ही परफ्यूमविषयी जगभरच्या लोकांनी लिहिलंय. एकाने तर काळीवर तेवीस मिनिटांचा व्हिडिओ केलाय. तो पूर्ण पाहिला. नोंदी:

काळी: सुरुवातीला संत्र्याची साल, मग मिरी, शेवटी ओलं लाकूड आणि दूरवर धूर.

निळी: सुरुवातीला लिंबू, मग समुद्राची झुळूक, शेवटी धुतलेला सुती शर्ट.

हे वाचताच मनगट नाकाला लावलं. अगदी तंतोतंत. मला हेच जाणवत होतं, नुसते शब्द सापडत नव्हते.

अहवालाची चार पानं झाली. भाषा पाहून मीच दोनदा वाचली.

१२ फेब्रुवारी

लेबलबाईंसाठी खोकल्याचं औषध घेऊन गेलो. त्या बाटलीकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, कशाला साहेब, होईल बरं. मी म्हटलं, रोज दोन चमचे, रिकाम्या पोटी. त्यांनी बाटली टेबलाच्या खणात ठेवली.

मन मोठं असावं लागतं. सगळ्यांचं नसतं.

१४ फेब्रुवारी

औषधाचा काही उपयोग नाही. आज भांड्याच्या लिक्विडची पट्टी हातात घेतली आणि बाई इतक्या खोकल्या की मी दचकलो. ती बॅच नापास केली. मग गुलाब साबणाची पट्टी, पुन्हा खोकला, पुन्हा नापास. दुसऱ्या वेळी मात्र मला शंका आली की मी नाकाने ठरवलं की दचकून.

शंका येणं बरं नाही. मीटिंग अकरा दिवसांवर आलीय. एवढ्या मोठ्या जबाबदारीच्या काळात कानाशी सतत कुणी खोकत असेल तर नाकाने काम करायचं कसं? मालकांना लेखी कळवलं. एकच पान, संयमित भाषा. 'सदर मदतनिसांच्या सततच्या खोकल्यामुळे घ्राणकार्यात व्यत्यय येत असून' वगैरे. अक्षर नेहमीप्रमाणे उत्तम आलं. माझं अक्षर आणि माझं नाक, देवाने या दोनच गोष्टी दिल्या, पण सढळ हाताने दिल्या.

१५ फेब्रुवारी

बाईंना पॅकिंगला पाठवलं. जाताना त्यांनी पट्ट्यांचा गठ्ठा नीट रचून ठेवला, कॉफीच्या बियांची वाटी भरून ठेवली. दोन वासांच्या मध्ये नाक ताजं करायला त्या हुंगायच्या असतात. मग म्हणाल्या, "साहेब, जरा जपून. घाई करू नका." मी म्हटलं, तुम्ही तब्येतीला जपा.

टेबलावर किती शांतता आहे.

१८ फेब्रुवारी

पाच बॅचेस. पाचही उत्तम.

१९ फेब्रुवारी

सहा बॅचेस. सहाही उत्तम. बाई गेल्यापासून कारखान्यातल्या मालाचा दर्जा एकदम सुधारलाय. वातावरणाचा परिणाम होतो, मी नेहमी सांगत आलोय.

पण एक आहे. पूर्वी आतून आवाज यायचा. हल्ली येत नाही. पट्टी हुंगतो, तीन मोजतो, पाच मोजतो, दहा मोजतो. आत सगळं सामसूम. सगळंच चांगलं असेल तर आवाज कशाला येईल, असं मी मला सांगितलं. मग सही केली.

२० फेब्रुवारी, रात्री ८

वाईट दिवस. शांतपणे लिहितो.

काल काळी अगदीच सौम्य वाटली, म्हणून फवाऱ्याच्या भोकात काही अडकलंय का ते पाहायला त्याची फिरकी काढली, पिनेने भोक साफ केलं आणि फिरकी परत बसवली. आज सकाळी बाटली बॅगेत, बॅग मांडीवर. बसमध्ये लोक माझ्याकडे वळून वळून पाहत होते. एक म्हातारे गृहस्थ पुढच्या स्टॉपवर उतरले आणि तिथेच उभे राहिले, म्हणजे त्यांचा स्टॉप नव्हता. कंडक्टरने सगळ्या खिडक्या उघडल्या. उकडत असेल असं वाटलं. मी छान वाचत बसलो होतो.

कारखान्याच्या गेटवर पॅकिंगच्या बायका थांबल्या होत्या. लेबलबाई त्यांच्यात. माझ्या बॅगेकडे बोट दाखवून म्हणाल्या, साहेब, गळतंय.

बॅग चिंब. डबा चिंब. अहवालाचं पहिलं पान गेलं. काळीत थेंब नाही.

फिरकी नीट बसली नव्हती. ही बाटली बनवणाऱ्याची चूक आहे. एवढी किंमत घेता, तर फिरकी तरी धड द्यायची.

२१ फेब्रुवारी

दोन गोष्टी.

एक: विक्री विभागाच्या प्रमुखाने टेबलावर एक खोकं आणून आपटलं. गुलाब साबण, १८ तारखेची बॅच, माझी सही. कारखान्याजवळच्या दुकानांतून तीन दिवसांत परत आलाय. गिऱ्हाइकं म्हणतात, आंघोळ केल्यावर अंगाला फिनेलचा वास येतो. एक बाई म्हणे दुकानदाराला म्हणाल्या, घरात पेशंट असल्यासारखं वाटतं. मिसळताना कुणीतरी गुलाबाच्या वासाऐवजी फरशीच्या लिक्विडच्या वासाचं पिंप ओतलं होतं. मी पट्टी मागवली, हुंगली आणि म्हटलं, गुलाबातही प्रकार असतात. विक्रीवाल्याने त्यातली एक वडी उचलली आणि मालकांच्या केबिनकडे गेला.

दोन: काळी रिकामी आहे आणि मीटिंगला चार दिवस आहेत. मालकांना सांगावं का? सांगावंच. उद्या सकाळी पहिलं काम.

२२ फेब्रुवारी

सांगितलं नाही. मालकांच्या केबिनपर्यंत दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी ते फोनवर साबणाबद्दलच बोलत होते, तेव्हा त्यांना आणखी त्रास देणं प्रशस्त वाटलं नाही.

उपाय सापडला. निळी अर्धी शिल्लक आहे. त्यातली निम्मी काळीत ओतली. दोन्ही बाटल्यांत आता सारखं पाणी दिसतं. ही फसवणूक नव्हे. तुलना तर अहवालात झालेलीच आहे, चार पानं, भिजलेलं पहिलं पुन्हा लिहून काढलंय. मीटिंगमध्ये बाटल्या फक्त शोभेला. शिवाय मी स्वतः दोन्ही हुंगून पाहिल्या. काळी अगदी पूर्वीसारखीच वाटते.

२३ फेब्रुवारी, सकाळी ५.४०

ही झोपली होती. मी उठून उशी हुंगली. मग कपाटातले शर्ट. मग चपला. मग कॉफीची बरणी, झाकण काढून, नाक पार आत घालून. मग फिनेलची बाटली. मग हिच्या केसांचं तेल. ते तेल ती लग्नापासून लावते. पूर्वी ती खोलीत आली की मान वर न करता मला कळायचं.

घाईने निष्कर्ष काढणं बरं नाही.

कुणी पाहिलं नाही.

२४ फेब्रुवारी, रविवार

हिच्यासमोर उद्याची रंगीत तालीम. अहवाल मोठ्याने वाचला. बारा मिनिटं. 'दूरवर धूर' या वाक्याला थोडा थांबलो, परिणामासाठी.

ती हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "अहो, परवा गॅसची शेगडी विझली आणि गॅस तसाच चालू होता. तुम्ही शेजारी बसून भाजी निवडत होतात. मी आले म्हणून. डॉक्टरांकडे जाऊ या का?"

मी म्हटलं, आपण परफ्यूमबद्दल बोलतोय. विषयांतर नको.

ती म्हणाली, मालकांना सांगून टाका, माणूसच आहे तो. मी म्हटलं, काय सांगू? नाकसाहेबाचं नाक गेलं? मग उरलं काय? ती म्हणाली, साहेब उरला. हिचे विनोद मला कधीच कळले नाहीत.

संकल्प: उद्या वेळेवर पोहोचायचं. निळा शर्ट. आवाज खणखणीत ठेवायचा. बाकी सगळं व्यवस्थित आहे.

२५ फेब्रुवारी

केबिनमध्ये मालक, विक्रीवाला आणि मी. मालकांनी पट्ट्या बुडवायला पॅकिंगमधून लेबलबाईंना बोलावून घेतलं होतं. म्हणाले, त्यांचा हात बसलेला आहे. बाई दाराशी उभ्या होत्या. मला नमस्कार केला. त्यांनी माझं ते पत्र वाचलंय की नाही, कळत नव्हतं.

मी अहवाल सुरू केला. काळी आणि निळी म्हणजे पूर्व आणि पश्चिम, असं सुरुवातीचं वाक्य. बाईंनी काळीत पट्टी बुडवली. मग निळीत बुडवली आणि थबकल्या. पुन्हा काळीची पट्टी नाकाशी नेली. मग त्यांना खोकला आला.

मी थांबलो. त्या माझ्याकडे पाहत होत्या. पुन्हा खोकल्या, आधीपेक्षा मोठ्याने. मी म्हटलं, "बाई, खोकायचं असेल तर बाहेर."

त्या बाहेर गेल्या नाहीत.

मी वाचत राहिलो. संत्र्याची साल वाचली, मिरी वाचली, समुद्राची झुळूक वाचली. मालकांनी एक पट्टी हुंगली, दुसरी हुंगली, दोन्ही विक्रीवाल्याकडे दिल्या. त्याने हुंगून मान हलवली. 'धुतलेला सुती शर्ट' येईपर्यंत कुणी मला अडवलं नाही. मग मालकांनी तिसरी पट्टी पुढे केली. म्हणाले, काका, ही एक बघा. हिचं काय मत?

बाईंचा खोकला थांबेना. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. विक्रीवाल्याने त्यांना पाण्याचा ग्लास दिला. मी पट्टी हुंगली, तीन मोजले. तिसरा कुठला परफ्यूम आहे हे आधी सांगितलं नव्हतं, म्हणजे परीक्षा होती हे मी लगेच ओळखलं. म्हटलं, दोघांपेक्षा सरस. सुरुवातीला हिरवं सफरचंद, शेवटी ओलं लाकूड, आणि मध्ये एक अशी काही हुरहूर जी फार थोड्या वासांत असते.

मालक टेबलाकडे पाहत म्हणाले, "काका, ती कोरी पट्टी आहे. आत्ता गठ्ठ्यातून काढलीय."

कुणी हसलं नाही. कुणी हसलं असतं तर मी रागावलो तरी असतो.

मग बाई बोलल्या. म्हणाल्या, "साहेबांना डिसेंबरपासून वास येत नाही. मला वाटलं, येईल परत. तोवर मी होतेच ना तिथे."

मालकांनी विचारलं, मग आम्हाला का नाही सांगितलं? बाई म्हणाल्या, त्यांनाच सांगितलं नाही, तुम्हाला कसं सांगू.

मी तेव्हा अहवालाची पानं क्रमाने लावत होतो. क्रमानेच होती. मग काळी सांडल्याचं सांगितलं, निळी ओतल्याचं सांगितलं. मालक नुसते बरं म्हणाले. शेवटी त्यांनी बाईंनाच विचारलं, दोन्हींत कुठला घ्यावा. बाई म्हणाल्या, काळी मला माहीत आहे, परवा गेटवर आली होती. जड आहे, बंद खोलीत डोकं धरेल. निळी नुकतीच आंघोळ केल्यासारखी वाटते. आपला साबण आंघोळीचा आहे.

चार पानं, बारा मिनिटं, तीन आठवडे. बाईंची चार वाक्यं.

निळी ठरली.

२६ फेब्रुवारी

गेलो नाही. पोट बरं नाही असं कळवलं. पोट उत्तम आहे.

२७ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे. ही बरोबर होती. डॉक्टरांनी नाकात दिवा घालून पाहिलं, कागदाच्या पुड्या हुंगायला दिल्या. पहिल्या पुडीला मी सौम्य म्हणालो. हिने माझा गुडघा दाबला. मग म्हटलं, काही नाही.

दुसरी, काही नाही. तिसरी, काही नाही.

डॉक्टर म्हणाले, सर्दीने कधीकधी असं होतं. परत येईल कदाचित, कदाचित येणार नाही, सांगता येत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चार ओळखीचे वास घ्यायचे, डोळे मिटून, त्यांची आठवण काढत. नाकाला घरचा रस्ता दाखवायचा, म्हणाले. मी विचारलं, किती दिवस. म्हणाले, महिने. आणि घरी गॅसचा अलार्म लावून घ्या.

बाहेर आल्यावर ही रडली. मी तिला म्हटलं, सत्तावीस वर्षं वापरलं की कुठलीही वस्तू... आणि पुढचं वाक्य जमलं नाही.

१ मार्च

कामावर रुजू. मालकांनी आधी केबिनमध्ये बसवून चहा दिला. त्यांच्या डोक्यात होतं ते असं: टेबल बाईंचं, लेबलं आणि रजिस्टर माझ्याकडे. पगारात बदल नाही. म्हणाले, काका, तुमचं अक्षर चांगलं आहे. मला नाही म्हणता आलं नाही. आणि दुसरीकडे जाणार कुठे, नाकाशिवाय?

बाई माझ्या खुर्चीत बसायला तयार नव्हत्या. शेवटी दोन खुर्च्या शेजारीशेजारी लावल्या. मी पट्टी बुडवायची, त्यांच्या हातात द्यायची. त्या नाकाला लावतात आणि सांगतात. तीन आकडे मोजत नाहीत. लगेच कळतं त्यांना.

मी त्यांना विचारलं, माझं पत्र वाचलंत का? त्या म्हणाल्या, हो. मग म्हणाल्या, अक्षर फार सुंदर आहे तुमचं. मला माफी मागायची होती. मी सहा लेबलं लिहिली.

दुपारी पेन शोधायला खण उघडला. आत खोकल्याच्या औषधाची बाटली होती. सील तसंच.

आज सात बॅचेस झाल्या. एक नापास. बाईंना दिवसभरात एकदाही खोकला आला नाही.

३ मार्च, रविवार, संध्याकाळी ६.१५

चार वासांचा पाचवा दिवस. पद्धत अशी: मी डोळे मिटून बसतो, ही एकेक वस्तू नाकाशी धरते.

लिंबू: काही नाही.

कॉफी: काही नाही.

तिच्या केसांचं तेल: काही नाही. पण ते आहे हे माहीत असल्याने बरं वाटलं.

चौथी वस्तू काय ते आज तिने सांगितलं नाही. बराच वेळ काही धरल्याची चाहूल नाही, वाटीचा आवाज नाही, झाकणाचा आवाज नाही. मी मनात हसलो. एकदा फसलो म्हणून रोज फसेन की काय? रिकामा हात धरून माझा प्रामाणिकपणा तपासत होती. मी कोरी पट्टी लगेच ओळखली. खणखणीत आवाजात म्हटलं, "काही नाही. आहेच काय तिथे? रिकामा हात आहे."

मी डोळे उघडले. तिच्या मांडीवर निळीची बाटली होती. मालकांनी उरलेली मला देऊन टाकली होती. शेवटच्या थेंबापर्यंत सगळी तिने आपल्या मनगटावर ओतली होती. मनगट ओलं होतं आणि माझ्या नाकापासून बोटभरही लांब नव्हतं.

तिने दुसऱ्या हाताने डोळे पुसले. वासामुळे झोंबतंय म्हणाली. मग उठून खिडकी उघडली.